शांत उपभोग

ता. ४ ऑक्टोबर, रविवार

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा नियम मला पाठ आहे. अडचण असली तर फोन करायचा, आनंद असला तर पत्र लिहायचं. हे पाकीट हाताला जाड लागलं असेल, त्यावरून काय ते समजा.

पहिली बातमी अशी की ग्रंथालयाने आम्हाला खोली दिली. मोठ्या दालनाच्या मागे जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायची जागा होती, तीच. गठ्ठे भिंतीला सारले, एक टेबल आणि तीन खुर्च्या टाकल्या आणि दारावर 'मोफत कायदा सल्ला' असा कागद चिकटवला. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की आम्ही उकडून निघतो, म्हणून वजनाला मी माझी कायद्याची जाड पुस्तकं नेली आहेत. आजवर त्यांचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता.

दर शनिवारी दुपारी केंद्र उघडतं. एक शनिवार माझ्या ऑफिसला सुट्टी आणि पुढचा तुमच्या लेकीच्या ऑफिसला, म्हणून एक माझा आणि एक घुमीचा. आम्ही बहिणी एका खोलीत राहतो, एका किटलीतला चहा पितो, पण केंद्रावर कधी एकत्र बसत नाही. शिवाय घरात पक्षकारांबद्दल अवाक्षर काढायचं नाही अशी आम्ही शपथ घेतली आहे. घुमीला ते सोपं आहे. गप्प बसण्याचा पगार मिळत असता तर तिने एव्हाना दोन मजली घर बांधलं असतं. मी मात्र फुटायला आले आहे, म्हणून नावगाव गाळून तुम्हाला लिहिते.

खरं तर नावगाव आम्हालाही ठाऊक नसतं. नाव लिहून घ्यायला लागलं की माणसं बिचकतात आणि उठून जातात, हे पहिल्याच दिवशी दिसलं. तेव्हापासून गाऱ्हाणं आधी, आणि नाव लागलंच तर शेवटी कागदावर. वही नाही, नोंद नाही. मग आम्हीच त्यांना नावं ठेवतो, चांगल्या अर्थाने.

काल माझ्याकडे पीठवाले काका आले. भुवयांवर पीठ, डोळे लाल. पावाची भट्टी आहे त्यांची. जग झोपेत असताना ते कामाला लागतात, दुपारी दुकान बंद करतात आणि मागच्या खोलीत आडवे होतात. नेमकं तेव्हाच वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर धाडधाड पाय आपटणं सुरू होतं. काका सांगत होते की परवा ते भट्टीसमोर उभ्या उभ्या झोपले आणि पावाचा आख्खा घाणा कोळसा झाला. त्यांना फक्त झोप हवी आहे. मी त्यांना वरच्यांसाठी नोटीस लिहून दिली. केंद्राच्या रीतीप्रमाणे मजकूर आमचा, सही त्यांची. मामा, अशी झकास उतरली आहे की आमच्या मोठ्या साहेबांनीसुद्धा मान डोलावली असती. काका सारखे झोप झोप म्हणत होते, पण झोप लिहिलं की नोटीस अगदी घरगुती वाटते. मी लिहिलं, 'जागेच्या शांत उपभोगाचा हक्क'. काकांनी ते सावकाश वाचलं आणि हे माझ्याबद्दलच आहे ना, असं विचारलं.

आता काळजीची गोष्ट. वकील संघाने आम्हाला केंद्र चालवायला फक्त या महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे. एकतीस तारखेला बैठक आहे. चालू ठेवायचं की कुलूप लावायचं ते तिथे ठरणार. संघातले एक टायवाले ज्येष्ठ वकील म्हणतात की पोरींची हौस आहे, चार शनिवारांत फिटेल. मला हे केंद्र फार हवं आहे, मामा. ऑफिसचं कामही मला आवडतं, पण तिथे माणूस माझ्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याची फाईल झालेली असते. इथे तो घाम पुसत आत येतो आणि समोर बसतो.

आणि शेवटची बातमी: पंधरा तारखेला मोठ्या साहेबांनी मला पहिल्यांदा युक्तिवादाला उभं राहायला सांगितलं आहे. अर्ज अगदी लहान आहे, पण बोलणार मी.

मामीला नमस्कार. तुमच्या लोभातला माझा वाटा घुमीकडे वळवू नये, ही विनंती.

आपली भाची,
भिंगरी


ता. ८ ऑक्टोबर, गुरुवार

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानात आलं तेव्हा माझ्यापुढे एक शिलाई यंत्र उघडं पडलं होतं आणि हात तेलाने माखलेले होते, म्हणून तुझ्या मामीने मोठ्याने वाचून दाखवलं. यंत्र दुरुस्तीला घेऊन आलेल्या शिंपीणबाईंनीही ते ऐकलं, त्याला माझा नाइलाज होता. त्यांनाही एक गाऱ्हाणं आहे असं त्या जाताना म्हणाल्या.

'शांत उपभोग' याचा अर्थ मामीने मला विचारला. मलाही नीट सांगता आला नाही. तिने स्वतःच लावला की कुणी मध्ये न बोलता जेवू देणं म्हणजे शांत उपभोग. आणि तसं असेल तर या घरात तो हक्क तिलाही हवा आहे. तेव्हापासून मी जेवताना दुकानाच्या गोष्टी काढत नाही.

पक्षकारांबद्दल मला लिहितेस ते तुमच्या रीतीत बसतं का, याचा एकदा विचार कर. नावगाव तू गाळतेस खरं, पण आमच्या गावच्या शाळेत गाळलेल्या जागा भरण्यात माझा हात कुणी धरत नसे.

पंधरा तारखेला उभी राहशील तेव्हा आधी एक पूर्ण श्वास घे. तुला बोलण्याचं भय नाही, थांबण्याचं आहे. मी सकाळी देवापुढे बसतो तेव्हा त्याला सांगून ठेवीन की तुझी वाक्यं जरा आखूड कर. यश दे असं मी मागत नाही. समोरच्या वकिलाचेही मामा कुठेतरी बसलेलेच असतील.

केंद्र चालावं असं मलाही वाटतं. घुमीला म्हणावं, दोन ओळी तरी लिही.

आमचं प्रेम तुला ठाऊक आहे, ते कागदावर किती मांडायचं.

तुझा,
मामा


ता. ११ ऑक्टोबर, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

भिंगरीने चार पानं लिहिली असतील. माझं दीड पानात होईल.

ऑफिसात मॅडमनी मला एक मोठा करार पहिल्यांदाच एकटीला तपासायला दिला आहे. दिवसभर स्वल्पविराम बघते. परवा एका स्वल्पविरामामुळे आख्खं गोदाम भलत्याच्या नावावर जात होतं, ते मी थांबवलं. मॅडमनी आपल्या डब्यातलं एक बिस्किट माझ्याकडे सरकवलं. आमच्याकडे हा मोठा मान आहे. शनिवारच्या केंद्राबद्दल मात्र त्यांचं मत आहे की सुट्टीच्या दिवशी वकिलाने झोपावं.

काल माझा शनिवार होता. एक बाई आल्या. इतक्या ताठ बसतात की मीही नकळत पाठ सरळ केली. त्या मुलांना नाच शिकवतात. मुलांना ऐकू येत नाही. त्या लाकडी जमिनीवर पाय आपटून ताल देतात आणि मुलं तो तळपायांनी घेतात. त्यांनी मला बूट काढायला सांगितले आणि टेबलाखाली पाय आपटून दाखवला. ग्रंथालयाची जमीनही लाकडी आहे, हे मला कालच कळलं. बाबा, ताल खरंच पायातून वर येतो.

खालच्या मजल्यावरच्या दुकानदाराने त्यांना नोटीस दिली आहे. इतका फुगलेला मजकूर मी बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. कुणा महागड्या वकिलाकडून लिहून घेतलेला दिसतो. घरमालकाने बाईंना आधीच सांगून ठेवलं आहे की लेखी तक्रार त्याच्याकडे आली तर जागा रिकामी करावी लागेल. म्हणजे दुकानदार मालकाकडे गेला की वर्ग संपला. अशी लाकडी जमीन त्यांना दुसरीकडे मिळालेली नाही. सगळीकडे फरशी आहे, आणि फरशी काही सांगत नाही असं मुलं म्हणतात.

उत्तर मी लिहिलं. मुलांना ऐकू येत नाही हे त्यात घालू या, असं मी सुचवलं होतं. बाईंनी साफ नकार दिला. कुणाची कीव त्यांना नको आहे. मी 'शैक्षणिक उपक्रम' एवढंच लिहिलं. शेवटी एक वाक्य टाकलं, ते मला स्वतःला आवडलं: 'आपण ज्याला छत म्हणता, त्याला आम्ही जमीन म्हणतो.'

काल घरी येताना मला आनंद झाला होता. बोलून दाखवणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

आईला नमस्कार. माया आहे तशीच राहू द्यावी.

आपली,
घुमी


ता. १८ ऑक्टोबर, रविवार

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या देवाने वाक्यं आखूड केली. इतकी आखूड की न्यायाधीशांनी दोनदा मला अजून काही सांगायचं आहे का असं विचारलं, आणि मी नाही म्हटलं. मोठे साहेब मागच्या बाकावर बसून खोकत होते. अर्ज मंजूर झाला. बाहेर आल्यावर साहेब म्हणाले की खोकला खरा होता, पण तो नेमका योग्य जागी आला. पुढच्या महिन्यातली एक मोठी सुनावणीही ते मला देणार आहेत. मी ऑफिसपासून घरापर्यंत चालत आले, कारण बसमध्ये नुसतं बसून राहणं मला जमलं नसतं. घुमीने ऐकलं, उठली, चहा टाकला आणि माझ्या कपात साखर दोनदा घातली. तिच्या मानाने हे भाषणच झालं.

काल केंद्रावर रांग लागली होती. रांग, मामा. ग्रंथपालबाईंनी दालनातल्या खुर्च्या आणून दिल्या. संघाच्या बैठकीत हे सांगितलं की टायवाल्यांचं तोंड बघण्यासारखं होईल.

पीठवाले काका उत्तर घेऊन आले होते. वरच्यांनी कुणीतरी तरबेज वकील गाठला आहे. एक शब्द जास्तीचा नाही, आणि शेवटी काय लिहिलंय म्हणता? 'आपण ज्याला छत म्हणता, त्याला आम्ही जमीन म्हणतो.' मी ते तीनदा वाचलं. राग आला आणि हेवाही वाटला. हा माणूस जो कोणी असेल, त्याच्यासमोर मला एकदा उभं राहायचं आहे.

मी पण काही कमी नाही. 'शैक्षणिक उपक्रम' म्हणे. वरचा मजला राहण्यासाठीचा, तिथे उपक्रम चालवायला परवानगी लागते. आता मी वरच्यांच्या नादी न लागता थेट घरमालकाला तक्रार लिहून दिली आहे. काका ती सव्वीस तारखेला, सोमवारी, मालक गावाहून परतला की त्याच्या हातात देणार आहेत. एका कागदात वरचा मजला रिकामा होतो की नाही बघा.

काकांना मात्र म्हणावा तसा आनंद झालेला दिसला नाही. झोप कधीपासून मिळेल, एवढंच विचारत होते.

मामीला म्हणावं, जेवणाच्या हक्काचा मसुदा मी फुकट करून देईन. लोभ वाढता असावा. कमी करायचा झाल्यास आगाऊ नोटीस द्यावी.

आपली,
भिंगरी


ता. २१ ऑक्टोबर, बुधवार

चि. भिंगरी आणि चि. घुमी,
दोघींना अनेक आशीर्वाद.

एकच पत्र दोघींना लिहितो आहे. ते दोघींनी एकत्र बसून, एकाच वेळी वाचावं.

घुमीचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात शंका आली होती. जगात लाकडी जमिनी पुष्कळ असतात असं स्वतःला समजावलं. काल भिंगरीचं पत्र आलं. मामी वाटाणे सोलत होती आणि मी वाचत होतो. एका वाक्याशी आलो आणि थांबलो. मामीने वाटाणे खाली ठेवले आणि मला विचारलं की अहो, हे वाक्य आपण गेल्या आठवड्यात घुमीच्या अक्षरात वाचलं ना. मग ती इतकी हसली की शेजारच्या विचारायला आल्या. मीही हसलो. मग मी कॅलेंडर पाहिलं, कारण सोमवार डोळ्यांपुढे आला.

एकीने मला विश्वासाने सांगितलेलं दुसरीला सांगायचा मला अधिकार नाही. रात्रभर तोच घोळ मनात होता. सकाळी देवापुढे बसलो, तिथे तर काही सुचलं नाही, पण दुकान उघडताना सुचलं. मी आणखी काही सांगत नाही. एक प्रश्न देतो, तो तुम्ही एकमेकींना विचारा. भिंगरीने घुमीला विचारावं: तुझ्या बाईंची जमीन कशाची आहे. घुमीने भिंगरीला विचारावं: तुझ्या काकांचं छत कशाचं आहे.

शपथ मोडते असं वाटलं तर दोष माझ्या नावावर मांडा. नाहीतरी हा प्रश्न तुम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. ऑफिसात दुसरी बाजू आपल्याकडे आधी येऊन गेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय तुम्ही कागदाला हात लावत नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. मोबदला घेतो तिथे माणूस डोळे उघडे ठेवतो, आणि चांगलं काम म्हणून करतो तिथे चांगुलपणावर भरवसा टाकतो. हे मी तुम्हालाच म्हणत नाही. प्रार्थनेला बसल्यावर माझीही गत तीच होते.

सोमवारच्या आत काय करायचं ते तुम्हाला माझ्याहून चांगलं कळेल.

तुमच्या दोघींवर सारखीच माया असलेला,
मामा आणि बाबा


ता. २५ ऑक्टोबर, रविवार

ती. मामा व ती. मामीस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. घुमी भांडी पुसत होती. मी मोठ्याने वाचायला लागले आणि वाटाण्यांपर्यंत येईस्तोवर ती फडकं घेऊन माझ्या मागे उभी होती. मी प्रश्न विचारला. ती म्हणाली, लाकडाची. तिने प्रश्न विचारला. मी छताकडे बघत राहिले. मग ती हसायला लागली. मामा, घुमीला असं हसताना मी लहानपणापासून पाहिलेलं नाही. जमिनीवर बसून, पोट धरून. फुगलेला मजकूर तुझा होता तर, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती. आणि मी तिला सांगत होते की ज्या वकिलासमोर मला उभं राहायचं होतं तो रोज माझ्यासमोर दात घासतो.

मग हसू संपलं. एकाच केंद्राने दोन्ही बाजूंना हत्यारं दिली होती. संघात हे कळलं तर केंद्र बंद. आणि कळायला आम्ही सांगण्याचीसुद्धा गरज नाही, उद्या दोघं जिन्यात भेटले आणि कागद कुठून आणला हे बोलले की झालं. मी म्हटलं, एकतीस तारीख होऊ दे, मग सांगू. आठवडाभराचाच तर प्रश्न. घुमीने विचारलं, आणि सोमवारचा कागद?

काल सकाळी आम्ही दोघी भट्टीवर गेलो. दोन्ही बाजूंचे कागद आम्हीच लिहिले, हे सांगितलं. काकांनी कपाटातून मालकासाठीचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले की नाहीतरी त्यातलं त्यांना फारसं कळलं नव्हतं. पण रागावले खूप. आम्ही जिन्याने वर गेलो आणि ताठ बाईंना सांगितलं. त्या आणखी ताठ झाल्या. एका पक्षकाराची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही, म्हणून खालचा माणूस दुपारी झोपतो हे काही मी त्यांना सांगू शकत नव्हते, आणि मुलांना ऐकू येत नाही हे घुमी काकांना सांगू शकत नव्हती. तोंडाशी आलेलं गिळत आम्ही दोघी तिथून बाहेर पडलो.

मग संघाच्या अध्यक्षबाईंकडे. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. म्हणाल्या की हेच बैठकीत सगळ्यांसमोर सांगा, आणि त्या दोघांनाही मी बोलावते, त्यांची तक्रारही ऐकायला हवी. मोठ्या साहेबांना मी त्यानंतर फोन केला. पुढच्या महिन्याची सुनावणी त्यांनी काढून घेतली. रागाने नाही. आधी ऑफिसच्या जुन्या नोंदी बघायला बस म्हणाले, दोन्ही बाजू तपासणं हाताला लागेपर्यंत.

खाली घुमीला दोन ओळी ठेवल्या आहेत.

आपली,
भिंगरी

ती. बाबा, भिंगरी काल रडली नाही. मीही नाही. केंद्र जाईल असं वाटतं. तरी बरं वाटतंय. असं का, ते तुम्ही सांगा. – घुमी


ता. १ नोव्हेंबर, रविवार

ती. बाबा व ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

या वेळी मी लिहिणार असं भिंगरीला सांगितलं. ती शेजारी बसून शब्द सुचवते आहे. मी घेत नाही.

संघाचं दालन लांबट आहे आणि मधलं टेबल त्याहून लांब वाटतं. भिंगरी उभी राहिली आणि सगळं सरळ सांगून मोकळी झाली. मी नोंदवही न ठेवण्याचा दोष दोघींचा असल्याचं सांगितलं. टायवाले ज्येष्ठ म्हणाले की हौस फिटली म्हणायची. कुणी हसलं नाही.

मग अध्यक्षबाईंनी काकांना बोलायला सांगितलं. काका आणि बाई एकाच बाकावर, मध्ये एक जागा सोडून बसले होते. काका उठले आणि भिंगरीकडे बोट दाखवून म्हणाले की या मुलीने माझी झोप खाल्ली. मी झोप मागायला गेलो आणि हिने मला भलताच हक्क दिला. त्यावर बाईंनी मान वळवली आणि कसली झोप, असं विचारलं. काकांनी सांगितलं की दुपारी दुकान बंद करून ते मागच्या खोलीत झोपतात. मग बाई सांगू लागल्या. दुपारी खाली कुलूप दिसतं, म्हणजे कुणी नसणार, म्हणून वर्ग सुरू करताना त्यांनी मुद्दाम ती वेळ धरली होती. कुणाला त्रास नको म्हणून. नोटीस त्यांनी अनेकदा वाचली, पण झोप हा शब्द त्यात कुठेच नव्हता. भिंगरी माझ्या शेजारी होती. तिने टेबलाची कड घट्ट धरली.

काकांना ते पटेना. ते म्हणाले की मी पाव भट्टीत सारायच्या लांब फळीच्या दांड्याने छतावर किती वेळा ठोकलं, तेव्हा तरी कळायला हवं होतं, मुलांना ऐकू येत नव्हतं का.

बाबा, मी काही बोलू शकत नव्हते. ते बाईंनाच सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्यांना किती जड जातं हे मला ठाऊक होतं. त्यांनी पाठ सरळ केली आणि म्हणाल्या की नाही, त्यांना ऐकू येत नाही.

काका उभेच राहिले. मग बाई हळूच म्हणाल्या की ते ठोकणं मला भट्टीच्या कामाचं वाटायचं, पण मुलांना ते कळतं. पायांना कळतं. खाली कुणीतरी आपल्याबरोबर ताल धरतं असं त्यांना वाटतं. ती त्याची वाट बघतात. एका मुलीने त्याच्यासाठी खूणसुद्धा बनवली आहे, आणि बाईंनी ती करून दाखवली: एक बोट खाली, आणि मग मूठ दोनदा तळव्यावर. ज्या दिवशी ठोकणं नसतं त्या दिवशी मुलं ती खूण करून विचारतात की आज तो कुठे गेला.

काकांनी आपल्या हातांकडे पाहिलं. मग विचारलं की निदान मी तालात तरी असतो का. बाई म्हणाल्या की नाही, कायम थोडे मागे पडता, पण मुलं तुमच्यासाठी थांबतात.

त्यानंतर टायवाले ज्येष्ठच म्हणाले की मूळ मुद्दा राहिला, केंद्राचं काय. अध्यक्षबाईंनी तक्रारदारांना विचारलं की केंद्र बंद व्हावं असं तुम्हाला वाटतं का. बाई म्हणाल्या की सल्ला चुकीचा नव्हता, वाक्यं फार चांगली होती हाच त्रास झाला. काका म्हणाले की बंद अजिबात करू नका. उद्या या दोघींविरुद्ध तक्रार करायची झाली, तर मला फुकटात वकील कुठे मिळणार.

दालन हसलं. टायवाले सगळ्यात आधी हसले. केंद्र राहिलं, बाबा. अट अशी की येणाऱ्याचं नाव आणि पत्ता आत येताच नोंदवायचा, आणि पुढचे काही महिने संघाचं कुणीतरी ज्येष्ठ माणूस येऊन बसेल. टायवाल्यांनी स्वतःहून नाव दिलं. पंखा आहे का, एवढं विचारलं. भिंगरीने आहे म्हणून सांगितलं. कागदांचं सांगितलं नाही.

वर्गाची वेळ काका आणि बाईंनी जिना उतरता उतरता ठरवली. काका उठले की वर्ग. कागद नाही, सही नाही. आम्ही मागून चाललो होतो. भिंगरी माझ्या कानाशी म्हणाली की निदान दोन ओळींचा करार करायला हवा. मी तिचा हात धरून ठेवला. आता त्या दोघांसाठी एक अक्षरही लिहायची आम्हाला मनाई आहे, आणि हे आम्हाला पहिल्यांदाच इतकं कठीण वाटलं.

पानं चार झाली. भिंगरी मोजते आहे. माया असू द्यावी, आणि तिची थोडी कमी केली तरी चालेल.

आपली,
घुमी


ता. ५ नोव्हेंबर, गुरुवार

चि. भिंगरी आणि चि. घुमी,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा मामीने, आणि मधल्या वेळेत शिंपीणबाईंनी तिसऱ्यांदा. मामीने ती खूण करून पाहिली. आता मला दुकानातून जेवायला बोलवायचं झालं की ती हाक मारत नाही, दारात उभी राहून मूठ दोनदा तळव्यावर मारते.

घुमी, केंद्र जाईल असं वाटत असताना बरं का वाटतं, असं तू विचारलं होतंस. मला त्याचं उत्तर नीटसं येत नाही. सकाळी देवाचं नाव घेताना काही मागायचं राहिलं नाही असं एखाद्या दिवशी वाटतं, त्या दिवशी मलाही असंच बरं वाटतं. ते फार दिवस टिकत नाही, तेव्हा आहे तोवर घे.

भिंगरी, जुन्या नोंदी मन लावून बघ. सुनावण्या पुष्कळ येतील.

पुढच्या शनिवारी आम्ही तुमच्याकडे यायचं ठरवलं आहे. राहायला तुमच्या खोलीत, आणि दुपारी केंद्रावर. माझी एक तक्रार आहे. गेला महिनाभर जेवताना मला माझ्याच घरात बोलू दिलं जात नाही. नाव, पत्ता सगळं आत येताच लिहून देईन, रांगेतही उभा राहीन. टायवाल्या साहेबांकडे बसवलंत तरी माझी हरकत नाही.

मामीही येते आहे. तिने तुम्हाला निरोप सांगितला आहे की तिचं नाव आधी लिहून ठेवा. पत्ता माझाच आहे.

दोघींवर पूर्वीइतकाच जीव असलेला,
मामा, बाबा आणि पक्षकार